ज्याचं कुलूप, त्याची चावी

आमच्या कामाच्या पँटला आठ खिसे असतात. धुवायला टाकताना बायको ते सगळे उलटे करते आणि दर वेळी काहीतरी निघतंच. वॉशर, मार्करचं टोपण, केबल बांधायची पट्टी, एकदा तर अर्धी भाकरी! यातलं मी मुद्दाम काही आणत नाही हो. दिवसभर काम करताना खिशात पडत जातं. किस्स्यांचंही तसंच झालंय. चार जण जमले, चहा आला, की खिसा उलटा करायचा. आज करतोच.

आमचं केंद्र रत्नागिरीहून पालीकडे जाताना सड्यावर आहे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर. एक मोठी पत्र्याची शेड, शेजारी चढण्याच्या सरावासाठी उभा केलेला टॉवर, आणि सुनंदाताईंचं स्वयंपाकघर. पवनचक्क्यांची देखभाल करायला जी नवी माणसं लागतात, त्यांना आम्ही सहा आठवड्यांत पहिले धडे देतो. बोल्ट कसा आवळायचा, ब्रेकचं तेल कसं तपासायचं, विजेच्या पॅनेलला हात लावण्याआधी काय करायचं. मी मूळचा कराडकडचा. दहा वर्षं घाटमाथ्यावरच्या टॉवरवर काढली, गुडघे कुरकुरायला लागले तसा खाली उतरून शिकवायला लागलो. इथले लोक मला प्रेमाने "घाटावरचे सर" म्हणतात. प्रेम कमी पडलं की नुसतं "घाटी".

*

पहिल्याच वर्षी शेजारच्या वाडीतले बाबाजी तावातावाने आले. त्यांची पन्नासेक हापूसची कलमं आमच्या कुंपणाला लागून आहेत.

"सर, तुमचा पंखा बंद करा. माझा मोहोर गळतोय!"

मी म्हटलं, "बाबाजी, पंखा कुठे आहे?"

त्यांना सगळं फिरवून दाखवलं. सरावाचा टॉवर म्हणजे नुसती शिडी. टॉवरच्या डोक्यावर बसते ती यंत्रांची खोली आम्ही जमिनीवरच ठेवलेली. पातं एकही नाही. बाबाजींनी खात्री करायला संडासाच्या मागेही बघितलं.

"म्हणजे वारा तुमी सोडत नाय?"

"नाही. वारा सुटला तर आम्हीच शेडमध्ये पळतो."

बाबाजींनी परत एकदा टॉवरच्या टोकाकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "पण समजा, उद्या पाती लावलात?"

"लावणार नाही."

"समजा म्हणतोय मी!"

"बरं, समजा लावली."

"मग मोहोर गळंल का नाय? तेच सांगायला आलेलो!" आणि निघून गेले.

त्या वर्षी आंबा भरपूर झाला. मे महिन्यात बाबाजींनी एक पेटी पाठवली, सोबत निरोप होता: "बंद ठेवलात, उपकार झाले."

*

मागच्या बॅचचा पहिला दिवस. मी वर्गात शिरायला दोन मिनिटं उशीर केला. दारातून बघतो तर सगळी मुलं उभी, आणि फळ्यासमोर एक पंचेचाळिशीचा माणूस. पांढरट दाढी, पाठीवर पिशवी. मुलं एका सुरात म्हणतायत, "गुड मॉर्निंग सर!"

तो माणूस शांतपणे म्हणाला, "बसा, बसा. मी पण बसायलाच आलंय." आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

हे लतीफभाई. राहणार रत्नागिरी बंदराजवळचा मिरकरवाडा. आधी ट्रॉलरच्या इंजिनवर, मग चौदा वर्षं आखातात पंपांच्या दुरुस्तीवर. दोन वर्षांनी एकदा घरी, तेही चाळीस दिवस. मुलगी जन्मली तेव्हा तिकडे, चालायला लागली तेव्हा तिकडे, आणि आता ती नववीत. या वेळी सुट्टीवर आले तर तिने दार उघडून आत हाक मारली, "अम्मी, पाहुणे आलेत!" चेष्टेतच म्हणाली, पण लतीफभाईंना ती लागली. त्याच आठवड्यात त्यांनी आमची जाहिरात बघितली.

ज्या ठेकेदाराकडे आमची मुलं कामाला लागतात त्याने सांगितलं, वयाची हरकत नाही, प्रमाणपत्र पाहिजे. पास झाले तर काम घाटमाथ्यावर आणि दर शनिवारी घरी. नापास झाले तर परत विमान. एवढं सरळ गणित होतं ते.

मी ओळख करून घेत होतो. प्रत्येकाने नाव, गाव, शिक्षण, अनुभव सांगायचा. मुलं लांबलचक सांगत होती. लतीफभाई उठले आणि म्हणाले, "लतीफ. मिरकरवाडा. सातवी. इंजिन." आणि बसले.

*

बोल्ट आवळण्याचा आमच्याकडे एक खास पाना असतो. किती जोर द्यायचा ते आकड्यावर लावायचं, तेवढा जोर झाला की पाना "टक्" वाजतो. वाजला की थांबायचं. मग बोल्टवर आणि खालच्या पत्र्यावर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारायची.

लतीफभाईंनी तो पाना हातात घेतला, उलटसुलट केला आणि खाली ठेवला. "सर, माझा हात सांगतो."

मी म्हटलं, बघू या. दहा बोल्ट दिले. त्यांनी साध्या पान्याने दहाही आवळले. मग मी आमचा पाना लावून एकेक तपासायला घेतला. पहिला टक्. दुसरा टक्. बॅच श्वास रोखून. नवव्यापर्यंत टक्! मला घाम फुटायला लागला. माझी सगळी शिकवणी त्या पान्यावर उभी होती ना!

दहावा फिरला. चांगला पाव फेरा फिरला.

"सैल आहे!" मी जवळजवळ ओरडलोच.

लतीफभाई म्हणाले, "तो मुद्दाम ठेवला. तुमी शेवटपर्यंत तपासता का बघत होतो."

पोरं हसून लोळली. खरं काय ते मला आजही माहीत नाही. पण हसणं ओसरल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "लतीफभाई, तुमचा हात तुमच्याबरोबर घरी जातो. सहा महिन्यांनी त्याच टॉवरवर दुसरा कुणी चढेल, त्याला तुमचा हात कसा दिसणार? त्याला रेघ दिसते. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला हे कळतं."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे ही रेघ मागून येणाऱ्यासाठी."

"हो."

"मग ठीक हाय. आधी सांगायचा ना तसा!" त्या दिवसापासून त्यांच्याएवढी सरळ रेघ बॅचमध्ये कुणाची नव्हती.

*

सुटकेच्या सरावासाठी आमच्याकडे एक बाहुला आहे. माणसाएवढा, ऐंशी किलोचा, पोटात वाळू, अंगात बॉयलर सूट, डोक्यावर हेल्मेट. टॉवरवर कुणी बेशुद्ध झालं तर दोरीने खाली कसं आणायचं, ते त्याच्यावर शिकायचं. आमच्या एवढ्या बॅचनी त्याला खाली उतरवलं की एका खांद्याची शिवण उसवली आणि वाळू सांडायला लागली.

पाली बाजारात जाड कापड शिवणारा एक शिंपी आहे. बाहुला त्याच्याकडे न्यायचं काम मी दोघांना दिलं. एक राजश्री जाधव, बॅचमधली एकुलती एक मुलगी. संगमेश्वरकडची, आयटीआय झालेली, वडील शाळामास्तर. रोज सकाळी सुनंदाताईंना "जय भीम ताई" म्हणून चहाचा पहिला कप तीच पटकावायची. दुसरा ओंकार, पालीचाच. व्यायामशाळेत घडवलेलं शरीर आणि विसरभोळं डोकं.

दोघांनी रिक्षात बाहुल्याला मध्ये बसवलं आणि दोन्ही बाजूंनी धरून नेलं. पालीत रिक्षा शिंप्याच्या दुकानासमोर थांबली. बाहुल्याची मान खाली, हात लोंबतोय, खांद्यातून काहीतरी गळतंय. दोन मिनिटांत वीस माणसं जमली!

एक आजी म्हणाल्या, "अगो, पाणी तरी पाजा त्याला!"

एकाने विचारलं, "घरच्यांना कळवलात का?"

राजश्री म्हणाली, "घरचे आम्हीच."

तेवढ्यात एक काका पुढे सरसावले. "अक्कल हाय का तुमाला? डॉक्टरकडे न्यायचा सोडून माणूस शिंप्याकडे कसला आणताव?"

राजश्री अगदी शांतपणे म्हणाली, "काका, डॉक्टर वाळू भरून देत नाहीत."

*

आता कुलपाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

विजेवर काम करायचं तर आधी स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं. लाल कुलूप. ते प्रत्येकाचं स्वतःचं, चावी एकच, आणि ती स्वतःच्या खिशात. कुलपाला एक पट्टी लटकवायची. तिच्यावर नाव, फोटो, ठिकाण, कारण, काढण्याची अंदाजे वेळ, आणि मोठ्या अक्षरांत "धोका. चालू करू नये." ज्याने लावलं त्यानेच काढायचं. साहेब असो, मालक असो, दुसऱ्याने हात लावायचा नाही. कारण लावणारा आत तारांत हात घालून बसलेला असू शकतो.

एका दुपारी मी ओंकारला सांगितलं, सरावाच्या पॅनेलला कुलूप लाव. पठ्ठ्याने शेजारच्या मेन स्विचला लावलं! आणि जेवणाची सुट्टी झाली तशी चावी खिशात घेऊन मोटरसायकलवरून पसार.

पंखे बंद. पाण्याचा पंप बंद. सुनंदाताईंच्या मिक्सरमध्ये चटणी अर्धी वाटलेली. ओंकारला फोन लावला तर तो शेडमधल्या कपाटात वाजला. फोन कपाटात ठेवायचा हाही माझाच नियम!

पाऊण तास झाला. सुनंदाताई वाटी घेऊन माझ्यासमोर उभ्या. लतीफभाई म्हणाले, "सर, कटर द्या. दोन मिंटांचा काम."

"तो आत हात घालून बसला असेल तर?"

"अवो, तो पालीला गेलाय!"

"तुम्ही त्याला पालीत बघितलंत?"

"नाय."

"त्याच्याशी बोललात?"

"नाय."

"मग कुलूप तोडायचं नाही. तो सापडला पाहिजे, त्याने स्वतः सांगितलं पाहिजे की मी येऊ शकत नाही, तोड. मग मी अर्जावर सही करणार आणि मगच कटर."

लतीफभाईंनी कपाळाला हात लावला. "घाटी म्हणतात ते उगाच नाय," असं पुटपुटले, पण कटर मागितला नाही. आम्ही सगळे दोन तास काजूच्या झाडाखाली बसलो.

शेवटी मोटरसायकल आली. ओंकार लांबूनच ओरडत आला, "सर, जमलं! दादाचं लग्न जमलं!"

सुनंदाताई म्हणाल्या, "आता मिक्सरचं जमव!"

*

लतीफभाईंची अडचण लिहिण्यावाचण्याची नव्हती. ते सगळं राजश्री त्यांना संध्याकाळी समजावून द्यायची. अडचण क्रमाची होती. इंजिनवर आयुष्य गेलेल्या माणसाचा हात डोक्याच्या आधी पोचतो. पॅनेलवर मात्र सहा पायऱ्या त्याच क्रमाने कराव्या लागतात. कळव, बंद कर, कुलूप लाव, पट्टी लाव, मीटरने तपास, मग हात लाव.

म्हणून ते कुलूप घरी न्यायला लागले. एका रविवारी त्यांनी घरच्या फ्रिजवर सराव केला. पायऱ्या मोठ्याने म्हणत प्लग काढला, प्लगच्या पिनांना तारेने बांधून कुलूप घातलं, पट्टी लावली आणि समाधानाने मशिदीकडे निघून गेले. परत आले तर जुबेदाभाभी, म्हणजे त्यांच्या बायको, दारातच उभ्या. नणंद सहकुटुंब जेवायला आलेली, आणि फ्रिजमधल्या सुरमईतून पाणी सुटायला लागलेलं.

पुढचं त्यांनीच आम्हाला सांगितलं.

"मना बोलली, चावी द्या. मी बोललो, नाय. ज्याने लावला त्यानेच काढायचा, असा नियम हाय. पाच मिंटं मी तिला सगळा नियम समजावून सांगितला. फोटो कशाला, पट्टी कशाला, सगळा. ती उभी राहून ऐकत होती. ऐकला आणि बोलली, बरा हाय नियम. ज्याने लावला त्यानेच काढायचा."

"मग?"

"मग बोलली, ज्याने काढला त्यानेच मासे तळायचे."

"तुम्ही तळलेत?"

"बारा तुकडे," लतीफभाई म्हणाले.

*

परीक्षा घ्यायला पुण्याहून एक परीक्षक येतात. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, हातात पॅड. चहा विचारला तरी आधी पॅडकडे बघतात.

बोल्टमध्ये लतीफभाई पहिले आले. टॉवर तर ते असे चढले की परीक्षकांनी वर बघता बघता चष्मा सांभाळला. राहिलं होतं पॅनेल. कळवलं, बंद केलं, कुलूप लावलं, पट्टी लावली. आणि मग मीटर बाजूला ठेवून, ट्रॉलरवर वीस वर्षांपूर्वी करायचे तसं, त्यांनी हाताची मागची बाजू सरळ तारेला लावून बघितली!

"बंद हाय," ते म्हणाले.

परीक्षकांनी पॅडवर फुली मारली. "तुमचं नशीब म्हणून बंद आहे."

मला फार वाईट वाटलं. इतकं, की दुपारचं जेवण गेलं नाही. पण परीक्षकांचं काही चुकलं नव्हतं. मी असतो तर मीही नापासच केलं असतं. असा हात लावणारे माझ्या ओळखीचे दोघे जण आज नाहीत.

राजश्री, ओंकार, सगळे पास झाले. लतीफभाईंना तीन आठवड्यांनी एकदाच फेरपरीक्षा होती. ते सगळ्यांशी हात मिळवून निघाले. सुनंदाताईंनी त्यांना चहा दिला तर म्हणाले, "ताई, साखर कमी पडली आज." ताईंनी नेहमीएवढीच घातली होती.

*

फेरपरीक्षा शनिवारी होती. त्याच्या आधीच्या मंगळवारी लतीफभाई माझ्यासमोर येऊन बसले. जुन्या मालकाने व्हिसा पाठवला होता, आणि एजंटला गुरुवारी पासपोर्ट हवा होता.

"सर, मी जातंय. शनिवारी पुन्हा नापास झालो तर हा पण जायचा आणि तो पण जायचा. हात नाय ऐकत माझा."

त्यांचं घर त्यांनाच चालवायचं होतं. म्हटलं, "ठीक आहे. मग माझ्याकडे काय काम?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "कटर पायजे."

"कशाला?"

"पासपोर्ट कपाटात हाय. कपाटाला कुलूप हाय."

"मग चावी घ्या."

"लाल कुलूप हाय, सर. माझाच. मी जेटीवर गेलो होतो, मागे तिने लावला. चावी पण तिच्याकडेच."

मी खुर्चीत सरळ झालो. "पट्टी लावलीय का?"

"लावलीय. माझ्या फोटोवर तिचा फोटो चिकटवलाय."

मला हसू येत होतं, पण नियमाचा प्रश्न होता. खणातून कुलूप तोडण्याचा अर्ज काढला आणि पेन उघडलं. "कुलूप लावणारी व्यक्ती कुठे आहे?"

"घरात. सुकट साफ करते."

"म्हणजे हजर आहे. बोलणं झालं?"

"झाला."

"काय म्हणाली?"

"बोलली, काम चालू हाय."

मी पेनाचं टोपण लावलं आणि अर्ज परत खणात टाकला. म्हटलं, "लतीफभाई, मग मला सही करता येत नाही."

ते उठले. झाडाखालची ती दुपार त्यांना आठवली असणार. "तुमीच शिकवलात," ते म्हणाले, "मी तिला शिकवला. आता भोगा!" आणि निघून गेले. गुरुवार आला आणि गेला. एजंटने सोमवारपर्यंत मुदत दिली, असं ओंकारकडून कळलं.

*

शनिवारी परीक्षक आले. राजश्री आणि ओंकार कामावर रुजू व्हायचे होते, तरी मुद्दाम थांबले होते. लतीफभाई वेळेवर आले. हेल्मेट, बूट, मीटर, सगळं बाकावर मांडलं.

परीक्षक पॅडवरून नजर न उचलता म्हणाले, "कुलूप?"

लतीफभाईंनी बाकावरचा मीटर उगाच पुसला.

"तुमचं कुलूप कुठे आहे?"

"वापरात हाय."

मी पटकन म्हटलं, "साहेब, केंद्राचं दुसरं देतो." परीक्षक म्हणाले, "नावावर दिलेलंच लागेल. तुम्हीच नियम केलाय ना?" मी केला होता. कशाला केला, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

कपाट उघडल्याशिवाय कुलूप मिळणार नव्हतं. आणि कपाट उघडलं की पासपोर्ट मोकळा. लतीफभाईंनी बायकोला फोन लावला, एवढंच म्हणाले, "कुलूप पायजे. परीक्षेला." पलीकडून काही न बोलता फोन बंद झाला. परीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, अर्धा तास.

पंचविसाव्या मिनिटाला रिक्षा आली. जुबेदाभाभी उतरल्या. डोक्यावर ओढणी, हातात भाजीची पिशवी. आम्हा कुणाकडे न बघता सरळ नवऱ्याकडे गेल्या, कुलूप आणि चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

मी शेजारी जाऊन हळूच विचारलं, "भाभी, आणि पासपोर्ट?"

"हाय ना."

"कपाट तर उघडं राहिलं."

"कपाटात कशाला ठेवतंय!" त्यांनी बसल्या जागी जरा सरकून पिशवीचं टोक दाखवलं. "त्याच्यावरच बसलंय."

लतीफभाईंनी सुरुवात केली. सगळ्यांना ऐकू जाईल असं कळवलं. स्विच बंद. कुलूप. पट्टी. बाकावर भाभींचे ओठ हलत होते. पायऱ्या त्यांनाही पाठ होत्या, घरात तीन आठवडे दुसरं काही ऐकूच आलं नसणार.

पाचवी पायरी आली आणि लतीफभाईंचा डावा हात आपोआप पुढे गेला. मागची बाजू तारेकडे. भाभींचे ओठ थांबले. राजश्रीने ओंकारचा दंड धरला.

हात तारेपासून वीतभर लांब थांबला. लतीफभाईंनी त्याच्याकडे बघितलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. मग तो खिशात घातला आणि उजव्या हाताने मीटर उचलला. आधी शेजारच्या चालू तारेवर लावून मीटर चांगला आहे ना ते बघितलं. मग बंद तारेवर. मग परत चालू तारेवर. त्यानंतर डावा हात खिशातून बाहेर आला.

"बंद हाय," ते म्हणाले. "तपासलाय."

परीक्षकांनी पॅडवर काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, "पास." ओंकारने अशी शिट्टी मारली की बाबाजी कुंपणापर्यंत येऊन बघून गेले. लतीफभाईंनी मान खाली घालून दोनदा नाक पुसलं आणि आपल्या हाताने आपलं कुलूप काढलं. माझेही डोळे भरून आले होते, सांगायला लाज कसली?

परीक्षा झाली की कुलूप जमा करायचं असतं. परीक्षकांनी हात पुढे केला. भाभींनी बाकावरूनच हात मध्ये घातला.

"तो इकडे द्या."

"बाई, ते केंद्राचं आहे."

"हो. पण काम चालू हाय."

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. परीक्षक नियमाचे पक्के. त्यांनी पॅडखालून कोरी पट्टी काढली आणि म्हणाले, "मग पट्टी भरून द्यावी लागेल. पूर्ण. एकही रकाना रिकामा चालणार नाही."

भाभींनी पेन घेतलं. बाकावरून मात्र उठल्या नाहीत, पट्टी गुडघ्यावर ठेवूनच लिहायला लागल्या. परीक्षक एकेक रकाना वाचत गेले.

नाव? त्यांनी लिहिलं, जुबेदा.

ठिकाण? कपाट.

कारण? आत पासपोर्ट आहे.

"कुलूप काढण्याची अंदाजे वेळ?"

भाभींनी नवऱ्याकडे बघितलं. मग छापील अक्षरांत "चालू करू नये" होतं, ते एकदा नीट वाचलं आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं, "विचारू नये."

परीक्षकांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.